अहिरेकाकांच्या तीन उड्या

अहिरेकाकांकडे चहा मिळतो, पण त्याआधी बर्फ बघावा लागतो.

ते आणि काकू आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, दोघंच. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले बाकीचे लोक कुंड्या लावतात, दर सोमवारी त्र्यंबकेश्वरला जातात. काकांनी गेल्या वर्षापासून बर्फातल्या खेळांचा एक जुना व्हिडिओ गेम जमवायला घेतलाय. गेम एकच, मशीनं वेगळी. एक कॅसेटवर चालणारा जुनाट कॉम्प्युटर, एक टीव्हीला जोडायचा डबा, एक लॅपटॉप. हॉलमध्ये तीन पडदे शेजारी शेजारी, आणि तिन्हींवर स्की बांधलेला तोच माणूस उतारावरून उडी मारतो.

"फरक बघ, फरक," काका म्हणतात. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही तो बघावा लागतो.

"काका, मला अजून दोन मजले चढायचेत."

"तो बघ, तो कसा उतरतोय. तू नंतर चढ."

काका मूळचे सटाण्याकडचे. एरवी शहरी बोलतात, पण एखादं व्हर्जन आवडलं नाही की थेट अहिराणीत शिरतात. लॅपटॉपवरचा पांढराशुभ्र उतार बघून ओरडले होते, "हाई बरफ शे का मीठ?" स्वतः त्यांनी बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला.

मला ते 'इंग्लिश मिडियम' म्हणतात. मी मध्ये बोलत नाही, म्हणून मी त्यांची आवडती परीक्षक. एकदाच मी धीर करून म्हणाले, "लॅपटॉपवरचा छान आहे."

"छान? अगं, पळतो किती तो!"

टीव्हीच्या डब्यालाही त्यांनी नापास केलं, "घाई करतो" म्हणून. पहिला नंबर कॅसेटवाल्याचा. त्यातला माणूस चार चौकोनांचा. उडी मारली की हवेत विचार करत थांबतो. मला हा निव्वळ हट्ट वाटायचा.

मग एका दुपारी आईने दिलेली अळूवडी घेऊन मी गेले. दार उघडंच होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला तेव्हापासून त्या सहसा कुणासमोर येत नाहीत. डाव्या हातालाही आता कंप आहे. त्या हाताखाली काकांनी कीबोर्ड धरला होता, स्वतः फरशीवर बसून.

"थांब... थांब... हां, दाब!"

काकूंचं बोट निघालं, वाटेत अडलं, पोचलं. पडद्यावरचा माणूस तोवर हवेतच होता. तो दोन्ही पायांवर नीट उतरला.

"बाकीच्या दोन्हींवर हिचं बोट पोचेस्तोवर तो पडलेला असतो," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, बोटं हलली पाहिजेत. रबरी चेंडू दिला, तर हिने मला फेकून मारला."

"नेम चुकला," काकू सावकाश म्हणाल्या. मग मला शेजारची खुर्ची दाखवली. "खेळतेस?"

काका माझ्या कानाशी आले. "मुद्दाम हरू नकोस हं. तिला कळतं. मी हरलो होतो, तर दिवसभर बोलली नाही."

मुद्दाम हरायची गरजच पडली नाही. माझा माणूस उडी न मारताच उतारावरून घरंगळत खाली आला, आणि काकू हसायला लागल्या. अर्धाच चेहरा हलत होता, पण हसू थांबत नव्हतं.

पाणी आणतो म्हणून काका आत गेले. भरलेला तांब्या आमच्यासमोर टेबलावरच होता.