ब्रुनो फिरतीवर आहे

सरकारी नोकरीत माणूस दोनच ठिकाणी असू शकतो: जागेवर किंवा फिरतीवर. तिसरं ठिकाण नियमांत नाही. घर नावाची एक जागा असते असं ऐकिवात आहे, पण तिथं माणूस सव्वासहानंतर असतो आणि सव्वासहानंतर तो कुठं असतो याच्याशी शासनाला घेणंदेणं नाही. (घरच्यांना असतं, पण घरच्यांकडे नोंदवही नसते.)

ती वही माझ्या ताब्यात आहे. हालचाल नोंदवही तिचं नाव. कळंबातल्या ज्या कार्यालयात मी आवक-जावक सांभाळतो त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर खुलासा मागवतील. खुर्चीवरून उठून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकानं या वहीत वेळ, ठिकाण आणि कारण लिहायचं असतं. गेल्या एकोणीस वर्षांत मी तीत जेवढं कल्पक लेखन वाचलं तेवढं वाचनालयातही मिळालं नसतं. 'स्थळपाहणी' म्हणजे चिंतामणीचं दर्शन. 'वरिष्ठांशी चर्चा' म्हणजे सासऱ्यांशी चर्चा. 'तांत्रिक अडचण' म्हणजे गाडी पंक्चर, आणि गाडी नसलेल्यांच्या बाबतीत दाढदुखी. या वहीत खरं कारण पहिल्यांदा लिहिलं गेलं ते एका कुत्र्यामुळे, हे इथं नमूद करणं माझं कर्तव्य आहे.

कुत्रा आमच्या वरिष्ठ लिपिकांचा, इंद्रजितभाऊंचा. त्यांची बायको मोनाली नेरकडच्या एका शाळेत शिकवते. रोज यवतमाळला एसटी बदलून जाते आणि बदलून येते. दोघंही सकाळी कुलूप लावतात आणि दिवेलागणीला काढतात. दिवसभर घर रिकामं, आणि रिकाम्या घरात परत यायला दोघांनाही नको वाटायचं. घरी आपली वाट पाहणारं कोणीतरी असावं म्हणून त्यांनी नागपूरहून काळा लॅब्राडोर आणला. घरात कोणी नसतं, म्हणून घरात कोणालातरी एकटं ठेवलं, की घर रिकामं राहत नाही. हा हिशोब अगदी बरोबर आहे. त्यात चूक काढायची तर कुत्र्याचं म्हणणं घ्यावं लागतं, आणि तशी तरतूद नाही.

त्याचं नाव ब्रुनो ठेवलं. लसीकरणाच्या कार्डावर, पट्ट्यावर आणि मोनालीच्या स्टेटसवर हेच नाव होतं. इंद्रजितभाऊंच्या सांगण्यावरून मी ब्रुनोच्या चोवीस तासांचा तक्ता मांडला, तो असा:

एकटा: नऊ तास वीस मिनिटं.
मालक झोपलेले: सात तास.
मालक स्वयंपाक, धुणं आणि शाळेची ऑनलाइन माहिती भरण्यात: तीन तास.
मालक मोबाइलवर: तीन तास.
मालक 'थांब रे, आत्ताच तर आलो' म्हणत असलेले: एक तास दहा मिनिटं.
प्रत्यक्ष कुत्रा पाळणे: तीस मिनिटं.

बेरीज बरोबर चोवीस येते, मी दोनदा तपासली. थोडक्यात, त्या घरात पूर्णवेळ नोकरी तिघं करत होते. त्यातल्या एकाला शनिवार-रविवारीही नेमकं काय काम आहे ते कोणी समजावलेलं नव्हतं.

प्रेमात मात्र कसूर नव्हती. इंद्रजितभाऊंनी बैठकीच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवला. कार्यालयात बसून मोबाइलवर ब्रुनो दिसायचा, आणि कॅमेऱ्यातून त्याच्याशी बोलताही यायचं. दर तासाला भाऊ मोबाइल तोंडाजवळ धरून म्हणायचे, "ब्रुनो, शांत बस. ब्रुनो, पप्पा येऊन राह्यले." ब्रुनो छताच्या कोपऱ्याकडे बघून भुंकायचा. पप्पा यायचे नाहीत. असं दिवसातून आठ वेळा. कुत्रा हुशार जातीचा असल्यामुळे महिन्याभरात शिकला: ब्रुनो म्हणजे कोपऱ्यातली ती पेटी, आणि तिच्यातून कोणी येत नाही.

शेजारी रुक्माबाई राठोड राहतात. तांड्यावरून मुलाच्या नोकरीपायी कळंबात आल्या आणि दिवसभर ओट्यावर गोधड्या शिवतात. एका संध्याकाळी त्यांनी भाऊंना अडवलं.

"भाऊ, तुमचं कुत्रं भुकत नाही, रडून राह्यलं. कुलूप लावून चालले जाता, मंग आनलं कायले त्याले?"

"मावशी, आमचा लय जीव आहे त्याच्यावर."

"जीव आहे त मंग चाबी देऊन जात जा."

चाबी दिली गेली. त्या दिवसापासून दुपारची भाकर, अंगणातला फेरफटका आणि गोधडीवरची झोप ही कामं रुक्माबाईंकडे आली. त्यांच्या जिभेला ब्रुनो वळेना, म्हणून त्या त्याला काळू म्हणू लागल्या. याची कुठंही नोंद झाली नाही.

मग ऑक्टोबरातला एक मंगळवार आला. रुक्माबाई लग्नाला तांड्यावर गेलेल्या. साडेअकराला इंद्रजितभाऊ माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी मोबाइल पुढं धरला. दाराच्या खालच्या फटीला नाक लावून ब्रुनो पडला होता.

"दोन घंटे झाले, असाच पडून आहे," ते म्हणाले. "मले काई काम सुचून नाही राह्यलं."

भाऊंचे डोळे भरले होते. मी कठोर माणूस आहे, तरी मलाही वाईट वाटलं. मी वही पुढं सरकवली. कारणाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं.

"काय लिवू?"

"काय कराले चालले?"

"कुत्र्याले फिरवाले."

"मंग फिरती लिवा ना."

त्यांनी लिहिलं: 'फिरती (ब्रुनो), एक तास.' साहेबांनी सही केली. साहेब वाचून सही करत नाहीत. वाचलं तर सही करता येत नाही. बुधवारी पुन्हा सही झाली, गुरुवारी पुन्हा. सात सह्या झाल्या की चूक ही चूक राहत नाही, ती प्रथा होते.

पहिले आठ दिवस भाऊ खरोखर घरी गेले. ब्रुनोला नाल्यापर्यंत फिरवलं, त्याच्याशी फेकलेला दगड परत आणायचा खेळ खेळले, आणि परत येताना त्यांचा चेहरा असा असायचा की मी त्यांना पुढचा तासभर एकही फाइल दाखवली नाही. नवव्या दिवशी गॅसची केवायसी निघाली. दहाव्या दिवशी बँक. मग आधार, मग विम्याचा हप्ता, मग चहा. नोंद रोज 'फिरती (ब्रुनो)' हीच होती आणि ती खोटीही नव्हती. ब्रुनो फिरतच होता, रुक्माबाईंबरोबर.

अशी चांगली योजना एका माणसापुरती राहत नाही. आमच्या कार्यालयात चौदा कर्मचारी आहेत. दसऱ्याला श्वानपालक कर्मचारी एक होता, दिवाळीनंतर चार झाले, संक्रांतीपर्यंत अकरा. (उरलेल्या तिघांत एकाला कुत्र्याच्या केसांची शिंक येते, एक तीन वर्षं प्रतिनियुक्तीवर असल्यानं त्याच्याकडे कुत्रा आहे की नाही हे त्यालाच विचारावं लागेल, आणि तिसरा मी.) आस्थापनेच्या संजयचा कुत्रा साळ्याच्या शेतावर असल्यामुळे त्याची फिरती शुक्रवारी दुपारी सुरू होऊन सोमवारी संपायची. चौघांनी मिळून चहाच्या टपरीवरची गंगी दाखवली. गंगीला दिवसातून चार वेळा चार नावांनी फिरवल्याच्या नोंदी आहेत. त्या चारही वेळी ती टपरीच्या बाकाखाली झोपलेली असे.

शिस्त राहावी म्हणून नोव्हेंबरात निवृत्तांसारखा कुत्र्यांचाही हयातीचा दाखला घ्यायचं ठरलं. लेखा शाखेच्या विमलताईंचा टॉमी दोन हजार एकोणीस साली वारला होता. त्याचाही दाखला मिळाला. दाखल्यावर हयात आहे का असं विचारलेलंच नव्हतं, 'हयात आहे' असं छापलेलं होतं.

मग निनावी तक्रार गेली. 'या कार्यालयात माणसांपेक्षा कुत्रे जास्त काम करतात', एवढं एकच वाक्य. वरिष्ठांनी माणसांची चौकशी न लावता कुत्र्यांची प्रत्यक्ष पडताळणी लावली. रीत सोपी होती. मालकानं दहा पावलांवर उभं राहून नोंदवलेल्या नावानं हाक मारायची. अर्ध्या मिनिटात कुत्रा आला तर मालकी सिद्ध.

पडताळणी सभागृहात झाली. गंगी चार नावांना चारदा आली, आणि पाचव्यांदा टॉमी या नावालाही आली, कारण पाचही हातांत बिस्कीट होतं. अधिकाऱ्यांनी शेरा मारला: 'पाचही श्वान दिसण्यात सारखे आहेत, एकाच वेतातील असावेत.' संजयचा कुत्रा फोटोवरून मंजूर झाला. असे दहा कुत्रे पावणेअकरापर्यंत खरे ठरले.

अकरावा ब्रुनो. इंद्रजितभाऊ नवा शर्ट घालून आले होते, मोनालीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. बिस्कीट त्यांनी आणलं नव्हतं, त्यांना गरज वाटली नाही. ब्रुनो भाऊंच्या स्कूटरवर बसेना म्हणून रुक्माबाई त्याला पायी घेऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"ब्रुनो," भाऊंनी हाक मारली.

ब्रुनो ताठ बसला. त्यानं मान वर केली, सभागृहाच्या छताच्या कोपऱ्यात सरकारी कॅमेरा होता तो शोधला, आणि त्याच्याकडे बघून भुंकला.

"ब्रुनो, इकडं पाह्य ना. मी इथं आहो."

ब्रुनो कॅमेऱ्याकडेच बघत राहिला. मोनाली गुडघ्यावर बसली. "ब्रुनो बेटा," ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा वर पाहिलं. आवाज तिथून यायला हवा होता. सत्तावीस सेकंद झाले. दाराशी उभ्या रुक्माबाईंना ते बघवेना. त्या हळूच म्हणाल्या, "काळू, आव."

तो उठला. भाऊंच्या पायाला घासून पुढं गेला आणि त्यानं रुक्माबाईंच्या लुगड्यात तोंड घातलं. सभागृहात कोणी हसलं नाही, आणि आमचं कार्यालय हसायला कारण शोधत असतं. मोनालीनं खाली पडलेला पट्टा उचलून नीट गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला.

अहवालात लिहिलं गेलं: 'दहा श्वान खरे, एक बोगस.' भाऊंकडून खुलासा मागवला. मसुदा करायला ते माझ्याकडे बसले. मी नेहमीची चार कारणं सुचवली, हवामान, आजार वगैरे. त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या हातानं एकच ओळ लिहिली: 'सदर श्वान माझाच आहे, मात्र त्याला तशी कल्पना नाही.'

खुलासा अमान्य झाला. भाऊंना ताकीद मिळाली आणि ब्रुनोचा ताबा पंचनामा करून रुक्माबाईंना देण्यात आला. भाऊंनी अपील केलं नाही. आता रविवारी दोघं नवरा-बायको भिंतीपलीकडच्या अंगणात जातात. काळू शेपूट हलवतो, पाहुण्यांसाठी हलवावी तेवढी.

"सर्वांत वाईट कायचं वाटते, सांगू?" भाऊ मला म्हणाले. "तो आता रडत नाही."

बाकीच्या दहा कुत्र्यांची फिरती नियमित चालू आहे. टॉमीचा दाखला पुढच्या वर्षीसाठीही आला.

पडताळणी झाली त्याच संध्याकाळी हा किस्सा सांगून घरच्यांना हसवायचं ठरवून मी घरी गेलो. माझी मुलगी अंजू सहावीत आहे. ती खिडकीशी बसून चित्र काढत होती. सहज गंमत म्हणून मी दारातच थांबलो, दहा पावलं मोजली आणि हाक मारली. अंजूनं मान वर केली आणि कपाटावर चार्जिंगला लावलेल्या फोनकडे पाहिलं. रोज सातला मी फोन करतो, 'जेवून घे, मले उशीर होईल' असं सांगायला. तिनं फोनकडे पाहिलं, तो वाजत नव्हता, म्हणून ती पुन्हा चित्र काढू लागली. मी किस्सा सांगितला नाही.

वाचकांनी आज घरी गेल्यावर ही पडताळणी करून पाहायला हरकत नाही. अंतर दहा पावलं, मुदत अर्धं मिनिट, बिस्कीट चालणार नाही. खुलाशाचा नमुना माझ्याकडे तयार आहे, त्यात फक्त नाव बदलायचं.