ऑफ म्हणजे ऑन

चूक सुधारण्यापेक्षा ती रीतसर सुधारली जाणं महत्त्वाचं असतं, आणि रीतीला घाई मानवत नाही. यावर मास्तरांची श्रद्धा होती. संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागा होतो तो कर्नेल नावाचा प्रोग्राम (लष्कराशी संबंध नाही). त्यात कुणी दुरुस्ती सुचवली की ती तपासायची, हे त्यांचं काम. मास्तर हे नाव सहकाऱ्यांनी ठेवलं होतं, प्रेमाने नव्हे.

डोळ्यांच्या एका दवाखान्यातल्या तंत्रज्ञ बाईंनी अशी दुरुस्ती पाठवली. तिथलं तपासणीचं यंत्र, रुग्णाने हनुवटी टेकवली रे टेकवली की डुलकी काढायचं. वीज वाचवण्याची ही सोय नको म्हणून यंत्र सुरू करतानाच बाई 'ऑफ' असा पर्याय देत. पण पर्याय वाचणारा कर्नेलमधला कोड पहिलंच अक्षर बघायचा. ऑन काय नि ऑफ काय, इंग्रजीत दोन्ही 'ओ'पासूनच सुरू. त्यामुळे ऑफ मागणाऱ्यालाही ऑनच मिळे. (निर्णय मात्र तत्काळ होई, हे मान्य करायला हवं.) दुसरंही अक्षर वाचावं, एवढाच बाईंचा बदल.

मास्तरांनी तो आस्थेने तपासला. बदलाचं वर्णन भूतकाळात होतं, ते आज्ञार्थात हवं म्हणून परत गेलं. मग ओळ लांब निघाली. तोडली, तर नको तिथे तुटली. कोड बरोबर आहे का, हा मुद्दा यथावकाश घ्यायचं ठरलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शंका काढली, की आजवर ऑफ लिहून ऑन मिळवणाऱ्यांच्या सवयीचं काय? असा माणूस कुणी पाहिला नव्हता. म्हणजे तो समाधानी असणार. चर्चा चांगलीच रंगली. बाईंची पत्रं मात्र आटत गेली. शेवटच्या पत्रात नुसतं 'बरं' होतं.

एकदा जेवताना मास्तरांच्या आईने सांगितलं, की आजही डोळे तपासून झाले नाहीत, हनुवटी टेकवून मान आखडली तेवढी. यंत्र झोपतं, आणि त्यावरचा इलाज कुणा शहाण्याकडे अडकलाय, असं दवाखान्यातल्या बाई म्हणत होत्या.

मास्तरांचा घास हातातच राहिला. "तो माझ्याकडेच आहे," ते म्हणाले.

"मग अडलंय कुठे?"

"वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम नाही."

आईने ताट जवळ ओढलं. "मला तर कुठलाच दिसत नाही रे आताशा," ती म्हणाली.

मास्तरांनी उठून हात धुतले, पूर्णविराम स्वतः दिला आणि दुरुस्ती मंजूर केली. नियम मोडल्यासारखं वाटून त्यांचे कान तापले होते. बाईंच्या संयमाचे त्यांनी आभार मानले. उत्तर आलं नाही.

यथावकाश आईला चष्मा लागला. तिने लेकाकडे नीट पाहिलं आणि आधी दाढी कर म्हणून सांगितलं.

दुरुस्ती आता अपडेट बनून घरोघरच्या संगणकांकडे निघाली आहे. तुमच्याही पडद्याच्या कोपऱ्यात ती केव्हाची उभी असेल. हो, तीच, जिला तुम्ही रोज सकाळी न वाचता 'नंतर बघू' सांगता.