थांबा, पांढरा लावू नका!

"भिंत अशी करतो मॅडम, की माशी बसली तर घसरून पडेल!"

ब्रशरावांनी डॉक्टरीणबाईंना छातीठोक शब्द दिला होता. आणि ब्रशरावांचा शब्द म्हणजे भिंतीवरची पुट्टी. एकदा बसला की खरवडूनच काढावा लागायचा.

त्यांचं खरं नाव वेगळंच होतं. पण रंगाऱ्याचं खरं नाव विचारतो कोण? लोक म्हणतात, "काय भिंत आहे!" काय रंगारी आहे, असं म्हणताना कुणाला ऐकलंय का कधी?

तर काम होतं दातांच्या दवाखान्याचं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. सगळं झालं होतं, फक्त पेशंट बसतात त्या खोलीतली समोरची मोठी भिंत राहिली होती. ती संध्याकाळपर्यंत बाईंच्या मनासारखी झाली, तर त्याच इमारतीतले वरचे तिन्ही मजले ब्रशरावांना मिळणार होते. नाही झाली, तर त्या स्प्रेवाल्याला. हा स्प्रेवाला यंत्र घेऊन यायचा, फुस्स करायचा आणि निघून जायचा. "तो भिंत रंगवत नाही, भिंतीवर शिंकतो!" असं ब्रशराव सगळीकडे सांगत फिरायचे. पण आजकाल लोकांना शिंकाच आवडायला लागल्या होत्या. वरचे मजले गेले असते, तर ब्रशरावांना ब्रश ठेवून त्या शिंकणाऱ्याच्या हाताखाली नळी धरायला जावं लागलं असतं.

भिंत राहिली होती ती बाईंमुळेच. त्यांना शेड ठरवता येईना. आधी म्हणाल्या, "दुधासारखी हवी." ब्रशरावांनी हातभर पट्टा मारून दाखवला. मग म्हणाल्या, "दुधासारखी, पण साय आलेली." दुसरा पट्टा. मग "दाताच्या आतल्या बाजूसारखी!" आता दाताच्या आत ब्रशराव कधी गेले होते? तरी मारला तिसरा. मग निळसर झाक, मग पिवळसर, मग "पिवळसर, पण आनंदी". त्यात भिंतीला वरपासून खालपर्यंत वाकडीतिकडी चीर गेलेली. ती काळपट सिमेंटनं बुजवलेली. सगळं मिळून भिंत अशी दिसत होती, जशी म्हशीनं चावून टाकलेली गोधडी! शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "साधा पांढरा द्या आणि संपवा!"

मग अडचण कसली? मारायचा पांढरा, झालं!

अडचण आदल्या संध्याकाळी टीव्हीवर झाली होती.

एका चित्रकाराची मालिका चालू होती. मनानं खचलेला, भांडकुदळ, स्वतःशीच बोलणारा माणूस. त्याचं चित्र कुणी घेईना, त्याला कुणी समजून घेईना. अख्खी गल्ली त्या माणसाच्या प्रेमात पडली होती. आणि आदल्या दिवशीच्या भागात त्यानं काय करावं? आयुष्यभर राबून काढलेलं आपलं सगळ्यात मोठं चित्र त्यानं स्वतःच्या हातानं पांढरं फासून टाकलं! दाराबाहेर त्याची बहीण उभी, मित्र उभा, घरमालक उभा. कुणी आत शिरलं नाही. पडदा पांढराशुभ्र झाला आणि मागून आवाज आला, "कुणी एकानं जरी त्याचा हात धरला असता!"

संपलं! गल्लीत रडण्याचा पूर आला. शिंपीकाकांनी शिवायला घेतलेल्या कोटाचं अस्तर भिजवलं. ब्रशरावांचा मेव्हणा, जो त्यांच्याबरोबरच कामाला जायचा, तो असा हुंदके देत होता की शेजाऱ्यांना वाटलं पाण्याची मोटर चालू राहिली. ब्रशरावांची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून बसली. आणि ब्रशराव? दिवसभर पॉलिश पेपर घासून आलेला माणूस. मालिकेचं सुरुवातीचं गाणं संपायच्या आत ते घोरत होते.

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पैसेवाला चित्र घेताना ते सोफ्याला शोभतं का, एवढंच बघतो. इथं एका खोट्या माणसाच्या खोट्या चित्रासाठी अख्खी गल्ली खरं रडली. यात अडाणी कोण, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

सकाळी ब्रशराव एकटेच पुढे दवाखान्यात आले. जेवणाचा डबा कोपऱ्यात ठेवला, पांढरा ढवळला, रोलर बुडवला, भिंतीकडे नेला, आणि मागून किंकाळी आली.

"भाऊजीऽऽ! नकोऽऽ!"

मेव्हण्यानं दारातूनच झेप घेतली आणि ब्रशरावांचा हात धरला. रोलर ब्रशरावांच्याच डोक्यावर आपटला. पांढरा ओघळ नाकावरून खाली आला.

"अरे, साप निघाला का विंचू?"

"भाऊजी, पांढरा नका लावू! पाया पडतो!"

"मग काय शाई लावू? सोड हात!"

"नाही सोडणार! काल कुणी धरला नाही त्याचा. मी धरणार!"

"कुणाचा हात? कुणी धरला नाही? सकाळी सकाळी घेऊन आलायस का काही?"

आरडाओरडा ऐकून शेजारच्या दुकानातून शिंपीकाका धावले. गळ्यात टेप, ओठांत सुई. त्यांनी रोलर पाहिला, पांढरा पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं. सुई ओठांतून गळून पडली.

"अरे देवा," शिंपीकाका पुटपुटले, "हे... हे तुम्ही काढलंत?"

"काढलंत कसलं काका! शेड बघायला मारलेली ठिगळं आहेत ती!"

शिंपीकाकांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्यानं मान हलवली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी.

"तोसुद्धा आपल्या चित्रांना ठिगळंच म्हणायचा," शिंपीकाका म्हणाले.

आणि मग कारण नसताना त्यांनी चित्र समजावून द्यायला सुरुवात केली. ही चीर म्हणजे फाटलेलं काळीज. हा निळा म्हणजे एकटेपणा. "आणि हा साईसारखा रंग बघा. ही त्याची आई!"

"ती डॉक्टरीणबाईंची साय आहे, काका!"

"माणूस किती लपवतो बघा," काका मेव्हण्याला म्हणाले.

बातमी गल्लीत फिरली. इस्त्रीवाला आला, दूधवाला आला, समोरच्या घरातल्या काकू आल्या. सगळे भिंतीसमोर रांगेत उभे राहिले, ब्रशरावांकडे तोंड करून, हात पसरून. ब्रशराव डावीकडे सरकले की रांग डावीकडे. उजवीकडे सरकले की रांग उजवीकडे. जणू पेनल्टी वाचवायला उभे!

ब्रशरावांचं टाळकं फिरलं. "अरे, संध्याकाळी बाई येणार! भिंत झाली नाही तर वरचे मजले तो शिंकणारा घेऊन जाईल! माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!" असं म्हणून त्यांनी रोलर जमिनीवर आपटला.

रांगेतून एक सामुदायिक हुंदका आला. कारण कालच्या भागात त्यानंसुद्धा ब्रश अस्साच आपटला होता!

"जेवून घ्या, भाऊजी. डबा उघडू?" मेव्हणा म्हणाला.

"घाल तुझ्या डोक्यात तो डबा!"

"तोही जेवला नव्हता," समोरच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या.

रागावलं तरी पंचाईत, गप्प बसलं तरी पंचाईत. ब्रशराव डोकं धरून रंगाच्या डब्यावर बसले, तर इस्त्रीवाल्यानं मोबाईल काढून फोटो घेतला. "अगदी तसाच बसलाय!"

तेवढ्यात दारात बायको दिसली. मेव्हण्यानं बहिणीला फोन करून बोलावून घेतलं होतं. ब्रशरावांना हायसं वाटलं. ही बाई म्हणजे व्यवहार! हिच्या एका आवाजात सगळी गर्दी पांगेल.

"अगं, सांग यांना! ही काय चित्रं आहेत का? तूच सांग!"

बायकोनं आधी भिंत बघितली. नवऱ्याकडे बघितलं. नाकावरचा पांढरा ओघळ पदरानं पुसला. मग सगळ्यांसमोर, खाली बघत म्हणाली, "अहो... तुम्ही ना... भिंती फार चांगल्या रंगवता."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. शिंपीकाकांची सुई तर पडलेलीच होती.

आता हे समजून घ्या. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून निघालेली सर्वांत मोठी शाबासकी होती, "या वेळी फरशीवर कमी सांडलंय." लोकांनी भिंतींना शाबासकी दिली, मालकांनी स्वतःच्या निवडीला दिली. ब्रशरावांना ती आज पहिल्यांदा मिळत होती. तीही कशासाठी, तर ठिगळांसाठी! पण शाबासकी ती शाबासकी.

"खरंच म्हणतेस?"

"खरंच. मी कधी बोलले नाही. काल टीव्हीवर ते बघितलं आणि वाटलं, बोलायला हवं होतं."

ब्रशरावांनी मान तिरकी करून भिंत बघितली. क्षणभर वाटलं, काहीतरी आहे बुवा यात! मग त्यांनी स्वतःलाच झापलं. छे! पुट्टी आहे ती!

आता युक्तीच करायला हवी होती. ते उठले आणि शहाण्या आवाजात म्हणाले, "बरं. नाही लावत पांढरा. तुम्ही सगळे काकांच्या दुकानात जाऊन चहा घ्या. मी जरा माझ्या चित्राबरोबर एकटा बसतो."

गर्दी पाऊल न वाजवता बाहेर पडली. ब्रशरावांनी आतून कडी लावली, रोलर उचलला आणि कोपऱ्यातून पहिला पट्टा ओढला.

पण कालचा भाग त्यांनी बघितला असता, तर एक चूक त्यांनी मुळीच केली नसती. त्या चित्रकारानंही आधी सगळ्यांना प्रेमानं बाहेर घालवलं होतं, आणि मग कडी लावली होती!

"कडी लावली! कडी लावलीऽऽ!" बाहेर बोंब उठली. दारावर बुक्के बसायला लागले. "भाऊजी, उघडा!" "अहो, मी अजून चांगलं बोलते, उघडा!" दार हललं, बिजागरी करकरली. दाराचाही रंग ब्रशरावांनीच दिलेला. त्यांच्यानं ते बघवेना. त्यांनी कडी काढली, आणि गर्दीबरोबर आत आल्या त्या साक्षात डॉक्टरीणबाई!

मेव्हण्यानं धाव घेऊन तो ओला पांढरा पट्टा स्वतःच्या शर्टानं पुसून काढला. ब्रशराव हात जोडून उभे राहिले. हातात रोलर असल्यानं पांढरा कोपरापर्यंत ओघळला.

"मॅडम, माझी काही चूक नाही. यांनी सकाळपासून भिंतीला हात लावू दिला नाही. यांना हाकला, मी रात्रभर जागून करतो. पण वरचे मजले त्याला देऊ नका!"

बाईंनी काळा चष्मा काढला. डोळे सुजून लाल झाले होते. तेव्हाच ब्रशरावांनी ओळखलं. हिनंही बघितला तो भाग!

"हे सगळं तुम्ही केलंत?" बाईंनी भिंतीकडे बघत विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत म्हणून! हे तुमचं दूध. ही तुमची साय. हा दाताचा आतला भाग. आणि हा पिवळसर, पण आनंदी!"

बाईंचा ओठ थरथरला. "आणि मी... मीच म्हणाले, यावर पांढरा फासा?"

"हो! साधा!"

बाईंनी पुढे होऊन ब्रशरावांचा रंगानं भरलेला हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. "धरला! मी धरला हात!" त्या रडत म्हणाल्या. गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला. शिंपीकाका इस्त्रीवाल्याच्या गळ्यात पडले.

"ही भिंत अशीच राहणार," बाईंनी जाहीर केलं. "वरचे तिन्ही मजले तुमचेच. पण प्रत्येक मजल्यावर अशी एक भिंत मला हवी. हेच दुःख. वर वर जाताना थोडं वाढलं तरी चालेल."

स्प्रेवाल्याचा पत्ता कट! "यंत्रातून काय दुःख निघतं का!" समोरच्या काकूंनी नाक मुरडलं. ब्रशरावांना लोकांनी उचलायचंच बाकी ठेवलं.

उद्घाटन झालं. पेशंट भिंतीसमोर गाल धरून बसायचे आणि हळूहळू रडायला लागायचे. दात न दुखणारे लोकही येऊन बसून जायला लागले. बघता बघता ब्रशरावांचं नाव झालं.

मग ब्रशराव पहिल्या मजल्यावरच्या कोऱ्या भिंतीसमोर उभे राहिले. पट्टा मारला. पट्ट्यासारखाच दिसला. निळा मारला. निळा दिसला. एकटेपणा कुठेच नाही! मुद्दाम चीर पाडून सिमेंट भरलं, तर शिंपीकाका बघून म्हणाले, "ही नुसती चीर वाटते हो." डॉक्टरीणबाई आल्या, मान तिरकी करून म्हणाल्या, "छान आहे, पण दुःख जरा कमी पडतंय."

ब्रशरावांना झोप लागेना. दाढी वाढली. भिंतीशी बोलायला लागले, मेव्हण्यावर खेकसायला लागले. एका दुपारी बायको डबा घेऊन आली, तेव्हा ते कोऱ्या भिंतीकडे टक लावून बसले होते.

"आज काय रंगवलंत?" तिनं विचारलं.

"आतून काही येत नाही गं," ब्रशराव खोल आवाजात म्हणाले. "तुला नाही कळायचं. कलावंताचं दुःख आहे हे."

बायकोनं डबा त्यांच्यासमोर दाणकन आदळला.

"कलावंताचं दुःख म्हणे! अहो, तो टीव्हीवरचा निदान चित्रं तरी काढायचा!"