घाडीमिस्त्रींचं एक काम बाकी

घाडीमिस्त्रींनी चाळीस वर्षांत एकही गाडी पूर्ण दुरुस्त केलेली नाही. ही मी त्यांची बदनामी करत नाही. हे ते स्वतःच सांगतात, आणि तेही नव्या मालकाला, पहिल्याच भेटीत. काम आटोपलं की ते फडक्याला हात पुसतात, बॉनेट दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबून लावतात आणि म्हणतात, "झालं. एक काम बाकी ठेवलंय."

'राहिलंय' असं नाही म्हणत. 'ठेवलंय.' आपण चपापून विचारावं, "मग आत्ताच करून टाका की," तर ते आपल्याकडे असे बघतात, की आपणच काहीतरी अचरट बोललो असं वाटायला लागतं.

आमच्याकडे ते गाडीबरोबर आले. माझे अण्णाकाका ज्या कंपनीत होते, तिथला इंग्रज इंजिनियर मायदेशी परतताना आपली दोन सीटांची, उघड्या टपाची लाल स्पोर्ट्स कार त्यांना विकून गेला. काकांनी लग्न केलं नाही आणि गाडी घेतली. या दोन वाक्यांत 'म्हणून' नेमकं कुठे घालायचं यावर आमच्या घरात बरीच वर्षं वाद होते. काका गेले तेव्हा गाडी माझ्या नावावर झाली, आणि पुढच्याच शनिवारी सकाळी दहा वाजता घाडीमिस्त्री नौपाड्यातल्या आमच्या गॅरेजसमोर स्कूटर लावून पिशव्या उतरवत होते. काका असतानाही ते शनिवारीच यायचे. मालक बदलला म्हणून वार बदलायचं त्यांना काही कारण दिसलं नाही.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. बारीक स्क्रूंमध्ये मी कुणालाही हार जाणार नाही, पण मोटारीतलं मला पेट्रोल कुठून घालायचं एवढंच कळतं. महिन्यातून एकदा आईला बाजूला बसवून तलावपाळीला एक फेरी मारायची आणि ठाण्यातला प्रत्येक गतिरोधक गाडीच्या पोटाला घासला की डोळे मिटायचे, इतकाच माझा त्या गाडीशी संबंध. बाकीचा सगळा संसार घाडीमिस्त्रींचा.

त्यांना स्वतःचं गॅरेज नाही. "गॅरेजमध्ये आणली की गाडी गप होते साहेब. घरी कशी बोलते ते ऐकायला पाहिजे." म्हणून तेच विठ्ठलवाडीहून स्कूटरवर घरोघर फिरतात. असल्या विलायती गाड्या त्यांच्याकडे सहा होत्या, आठवड्याच्या सहा वारांना सहा. सोमवारी कल्याणची हिरवी, मंगळवारी कळव्याची पांढरी, बुधवारी डोंबिवलीची निळी आणि असंच पुढे शनिवारच्या आमच्या लालपर्यंत. मालकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. घरी फोन आला की ते आईला विचारतात, "लाल आहे का घरी?" आणि चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई शांतपणे सांगते, "लाल दुकानात गेलाय."

त्यांच्यासमोर गाडीला 'जुनी' म्हणायची सोय नाही. एकदा रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, "केवढी जुनी आहे हो ही?" घाडीमिस्त्री गाडीखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "तुमच्या आईबद्दल असंच विचारता काय चारचौघात?" ते गृहस्थ आजही आमच्या गल्लीतून जाताना पलीकडच्या बाजूने जातात.

सगळ्या जगाचं त्यांचं माप म्हणजे सूत. एका इंचात आठ सूत. विलायती गाड्यांचे नट इंचाच्या हिशेबात असतात, तिथे ते ठीकच आहे. पण चहात साखर दोन सूत कमी लागते, आईची तब्येत मागच्या शनिवारपेक्षा सूतभर बरी दिसते. माझ्या दुकानाची पाटी एक सूत डावीकडे कलली आहे, हे त्यांनी चालत्या स्कूटरवरून सांगितलं होतं. मी संध्याकाळी शिडी आणून पट्टी लावून पाहिली. कललेली होती.

आमच्या गाडीला दोन कार्बोरेटर आहेत. दोन्ही सारखी हवा ओढतात की नाही हे बघायला ते रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात, दुसरं स्वतःच्या कानात घालतात आणि डोळे मिटून घेतात. मग नळी दुसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे. अर्धा अर्धा तास. मध्ये कुणी बोललेलं चालत नाही. आईला पहिल्यांदा वाटलं, माणूस उभ्या उभ्या झोपला. शेवटी ते डोळे उघडून म्हणतात, "डावा जरा जास्त हावरट आहे," आणि एक स्क्रू इतका कमी फिरवतात, की मलाही तो फिरलेला दिसत नाही.

इंजिन सुरू झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. एकदा गाडी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत सुरू झाली नाही. आईने पाच वेळा चहा केला आणि पाच वेळा मी प्यायलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि त्यांचा चष्मा! दोन्ही काड्या तांब्याच्या तारेने बांधलेल्या. ज्याच्या घरी दर आठवड्याला येता, त्याचं चष्म्याचं दुकान. आणि तुम्ही तो चष्मा घालून त्याच्याच दारात बसणार. मी कितीदा तरी म्हटलं, "द्या इकडे, दोन मिनिटांचं काम आहे." ते म्हणायचे, "चालतंय त्याला हात लावायचा नाही साहेब."

तर, ते बाकी काम. पुढच्या शनिवारी ते काम ते करायचे आणि त्याच्या जागी नवं एखादं बाकी ठेवायचे. काही बाकी मात्र कायमच्या मुक्कामाला होत्या. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. उजवीकडे वळायचा दिवा वायपर चालू असला तरच लागायचा, त्यामुळे भर उन्हाळ्यात वळताना मी काच पुसायचो. डावी सीट मागे सरकायची नाही, बाजूला बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. "म्हणून अण्णांना बायको मिळाली नाही," असं आईचं मत होतं. फेऱ्या वाढवायची ही युक्ती म्हणावी, तर नुसत्या फेरीचे पैसे ते घेतच नसत.

डोंबिवलीच्या निळीचे मालक डॉक्टर होते. त्यांना अर्धवट काही सोसत नसे. निळीचा हॉर्न बाकी होता, तो त्यांनी दुसऱ्या एका माणसाकडून परस्पर करून घेतला. बुधवारी घाडीमिस्त्री गेले, त्यांनी हॉर्न दाबून पाहिला, तो खणखणीत वाजला. त्यांनी पिशवीची चेन लावली, "झालं मग," म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. दोन महिन्यांत डॉक्टरांनी निळी विकली. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने ती काचेमागे चौथऱ्यावर नेऊन ठेवली.

"बोललेलो ना मी," घाडीमिस्त्री मला म्हणाले. "गाडी पुरी झाली की माणूस हात झाडून मोकळा होतो. मग ती नुसती बघायची वस्तू होते. मग कोणतरी येतो बघायला, आणि घेऊन जातो. जरा काहीतरी बाकी असलं की माणसाचं लक्ष राहतं तिच्यात."

हे तत्त्वज्ञान मी हसण्यावारी नेलं. मग एकदा एका साखरपुड्याला डोंबिवली पूर्वेला गेलेलो. डॉक्टरांच्या इमारतीसमोरच्या बसथांब्यावर घाडीमिस्त्री बसले होते. शेजारी हत्यारांची पिशवी, मांडीवर उघडा डबा. मी रिक्षा थांबवून विचारलं, "इकडे कुठे? निळी तर गेली ना?"

"गाडी गेली," ते म्हणाले. "बुधवार कुठे जातोय?"

मी त्यांना डबा संपवू दिला आणि साखरपुड्याला गेलो. तिथलं जेवण मला फारसं गेलं नाही.

नंतर आईने त्यांच्याकडून थोडं थोडं काढून घेतलं. मिस्त्रीणबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन बडोद्याला. रविवारी काय करता, असं आईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रविवार काढतो कसातरी." पुढे कल्याणच्या हिरवीचे मालक वारले, मुलाने गाडी विकली, सोमवार गेला. गुरुवारची गाडी मालकाबरोबर बंगलोरला गेली. सहातल्या तीन उरल्या.

आणि मग आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. इमारत पाडणार, तीन वर्षं आम्ही कळव्याला भाड्याच्या घरात, चौथ्या मजल्यावर, खाली जेमतेम एक स्कूटर लागेल एवढी जागा. नव्या टॉवरमध्ये गाडी बटण दाबून कपाटातल्या भांड्यासारखी वर चढवायची सोय होती. तिथे ही लाल ठेवायची कल्पना मलासुद्धा सहन होईना. पुण्याचा एक तरुण दोनदा येऊन पाहून गेला. गाडीला हात लावण्याआधी त्याने अंगठी काढून खिशात ठेवली, म्हणून मी त्याला हो म्हटलं.

घाडीमिस्त्रींना सांगायचं मी तीन शनिवार टाळलं. चौथ्या शनिवारी सांगितलं. ते पाना पुसत होते, पुसत राहिले.

"कुठल्या वारी नेणार?"

"येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी."

"म्हणजे मध्ये एक शनिवार आहे," ते म्हणाले. त्या दिवशी एक काम बाकी ठेवलंय, हे ते म्हणाले नाहीत.

त्या आठवड्यात ते सोमवारी आले. बुधवारी आले. गुरुवारीही आले. म्हणजे हातातले सगळे मोकळे वार त्यांनी आमच्या दारात आणून टाकले. डॅशबोर्ड उतरवला, वायरिंग ओढून काढली, डावी सीट बाहेर काढून अंगणात ठेवली. आई तिच्यावर बसून तांदूळ निवडायची.

शनिवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. उजवा दिवा वायपरशिवाय लागला. सीट मागे सरकली, एकदम गुळगुळीत. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं आणि पेट्रोलचा काटा माझ्या आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्यावरून हलला आणि थेट तळाशी गेला. टाकी रिकामी होत आली होती. इतकी वर्षं मी त्या काट्यावर विश्वास न ठेवता पेट्रोल भरत आलो, आणि तो खरं बोलला तो असा.

घाडीमिस्त्रींनी बॉनेट दोन्ही तळव्यांनी दाबून लावलं. "झालं," ते म्हणाले. "काही बाकी नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "आताच का पुरी केलीत?"

"तुम्हाला ठाऊक होतं ना, मी परत येणार. त्या पोराला मी कुठे ठाऊक आहे? त्याला तो नुसता बिघाड दिसणार. मग तो कोणालाही तिच्यात हात घालू देणार." त्यांनी हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. भरून झाली, तरी ते उभेच राहिले.

आई दारातून म्हणाली, "अहो घाडी, शनिवारी कळव्याला येत जा चहाला."

"तिथे कसलं इंजिन आई? फुकटचा चहा नको." मग पिशवीकडे बघत ते म्हणाले, "रविवार एकटा असला की निघतो कसातरी. शनिवार-रविवार जोडून आले की फार होतं हो."

मला वाईट वाटलं. गाडी जाणार याचं इतकं वाटलं नव्हतं. मी हात पुढे केला.

"चष्मा द्या."

"चालतोय तो साहेब."

"काकांपासून आजपर्यंत तुमच्या कामात आमच्या घरातलं कुणी बोललंय का?"

त्यांनी चष्मा काढून दिला. बिनचष्म्याचा त्यांचा चेहरा मी प्रथमच पाहत होतो. त्यांचं वय झालं होतं, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बारीक स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रूंची डबी माझ्या खिशात कायम असते. डाव्या काडीची तांब्याची तार मी कापून टाकली, भोक साफ केलं, नवा स्क्रू बसवला, काडी दोन-चारदा उघडमीट करून पाहिली. उजव्या काडीची तार जरा सैल केली आणि चष्मा परत दिला.

घाडीमिस्त्रींनी तो उजेडात धरला. डावी काडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "झकास," ते म्हणाले. मग उजवीला बोट लावलं. "ही ढिली आहे. दोन सूत."

"हो. हिचा स्क्रू नाहीये आत्ता. येत्या शनिवारी दुकानात या, बघू."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. डबी उघडीच होती आणि तिच्यात तसले चाळीस-पन्नास स्क्रू होते. चालत्या स्कूटरवरून ज्याला पाटीचा एक सूत कल दिसतो, त्याला ते दिसले नसतील असं मी म्हणणार नाही.

"एक काम बाकी ठेवलंय म्हणा," ते म्हणाले.

"ठेवलंय."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तो उजवीकडे कलला. तो तसाच ठेवून ते पायरीवर बसले आणि पिशवी पायाशी ओढून घेतली.

"आई," त्यांनी आत हाक दिली, "इंजिन सुरू होऊन पाऊण तास झाला. माझा चहा कुठाय?"