कुंकवाखालची नंदाआत्या

नंदाआत्याच्या लाल फडक्यात पाच ओळखपत्रं होती. तृप्तीनं फडकं न सोडता कडेकडेनं दोनदा मोजली: मतदार कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, पेन्शनचा कागद, जॉबकार्ड. एक नापास झालं तरी चार शिल्लक! केदारखेड्यातली ती पहिली रसायनशास्त्राची पदवीधर. नंदाआत्यानं लग्नापासून एकही मत चुकवलं नव्हतं; तृप्ती सोबत असताना ते चुकणं म्हणजे निसर्गनियमाच्या विरुद्धच!

मतदान केंद्रात परतूरहून आलेल्या निवडणूक अधिकारी शीतल मॅडमनी फडकं सोडलं.

"फोटो कुठंय?"

फोटोच्या जागी भला मोठा लाल टिळा. पाचही कागदांवर!

"आत्या, हे काय?"

"दर लक्ष्मीपूजनाला लावते की! सरकारनं आपलं नाव छापलंय, त्याला एक बोट कुंकू न्हाई लावायचं?"

तृप्ती थक्क झाली. दहा दिवाळ्यांची भक्ती, थरावर थर!

"अख्खं गाव वळखतंय, आजवर कुणी बघितला न्हाई, मंग आताच कागद कशाला?" एका पक्षाचा प्रतिनिधी बद्रीनाथ बाकावरून गरजला.

"बिलकुल बराबर!" दुसऱ्या पक्षाचे अण्णासाहेब म्हणाले. बारा वर्षं बांधावरून भांडणारे हे दोघं एका सुरात! तृप्तीच्या अंगावर काटाच आला.

"गाव ओळखतं, मी कुठं ओळखते?" मॅडम म्हणाल्या. "उद्या यांच्या नावावर दुसरीच कुणी आली तर?"

तेही बराबरच होतं. मॅडमनी यादीतला फोटो पाहिला. तो तव्याच्या बुडासारखा काळा.

"थांबा, मॅडम! पाण्यानं निघेल," तृप्ती आत्मविश्वासानं म्हणाली आणि मतदार कार्डावर बाटली ओतली. टिळा पसरला आणि आत्याचं नावही गिळून बसला!

मॅडमनी मान हलवली. "पुढचे या."

"आण इकडं! शिकून काय करून राह्यली गं तू?" आत्यानं कार्ड हिसकावलं, तेलानं चप्प बसलेल्या केसांवर तीनदा घासलं आणि पदरानं पुसलं. सगळं केंद्र श्वास रोखून बघत होतं. ग्रहण सुटावं तसे आधी हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके उगवले, मग नाक, मग दोन करारी डोळे!

मॅडमनी कार्ड पाहिलं, हनुवटी पाहिली, पुन्हा कार्ड पाहिलं.

"इथं तीन, तिथं तीन. जा, मावशी."

यंत्र वाजलं. बद्रीनाथ आणि अण्णासाहेबांनी मिळून टाळ्या वाजवल्या!

घरी येताच आत्यानं शाईचं बोट देवाला दाखवलं, कार्ड पाटावर ठेवलं आणि कुंकवाचा करंडा उघडला. तृप्तीनं कंपासपेटीतली पट्टी आणली.

फोटोतल्या चेहऱ्याची रुंदी: बारा मिलिमीटर. त्यावर उमटलेल्या नव्या टिळ्याची: चौदा.