उचित सिनेमा पाहण्याचा ठराव

माणसाला बेइमान व्हायला इंटरनेट पुरतं. इमानदार व्हायला मात्र घरगुती कारण लागतं. आदिलाबाद जिल्ह्यात तामसी मंडलातल्या (मंडल म्हणजे तिकडचा तालुका) एका गावचे किराणा दुकानदार चंपतराव कोरडे यांना हे कारण त्यांच्या मुलीने पुरवलं, आणि तेही त्यांनी न मागता.

आधी चंपतरावांचा फायदा किती होता ते पाहू. मुलगी प्रणिता हैदराबादेत असते. घरात मराठी आणि शाळेत तेलुगू अशी वाढल्यामुळे तिला एका तेलुगू सिनेमाचे मराठी संवाद लिहायचं काम मिळालं. (सिनेमाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. दिलं तर पुढचा परिच्छेद वाचायच्या आधी तुम्ही काय कराल, याचा अंदाज आहे.) सिनेमा मोबाइलवर एकोणचाळीस रुपये भाडं भरून पाहायचा होता. पंधरा दिवसांत पाच हजार जणांनी मराठीतला सिनेमा असा पाहिला, तर दुसऱ्या भागाचं कामही प्रणितालाच, असं कंपनीने कळवलं होतं. ही झाली मुलीची बाजू. बापाची बाजू याहून भारी होती. सिनेमाच्या शेवटी तिचं नाव येणार होतं, आणि मराठी माणसाच्या नावाच्या मधोमध बाप बसलेला असतो. प्रणिता चंपतराव कोरडे. अठ्ठावन्न वर्षांत चंपतरावांचं नाव रेशनकार्डावर, विजेच्या बिलावर आणि मारुतीच्या देवळातल्या देणगीदारांच्या फरशीवर (खालून दुसरं) एवढ्याच ठिकाणी आलं होतं. पडद्यावर पहिल्यांदाच येणार होतं.

"बाबा, फुकटातला पाहू नका बरं," प्रणिताने फोनवर बजावलं. "पैशे भरून पाहा. एकेक मोजून राह्यले ते लोक."

"मी काय परका हाय? तू लिवलं, मी पायतो. मधात पैशे कायचे?"

"बाबा."

"बरं," चंपतराव म्हणाले. हा होकार नव्हता. गिऱ्हाईक 'पुढच्या हप्त्यात देतो' म्हणतं, तेव्हाही ते याच स्वरात बरं म्हणत.

मुलीला काळजी वाटावी असाच बापाचा पूर्वेतिहास होता. चार वर्षांत त्यांनी मोबाइलवर सहाशे अकरा सिनेमे फुकट उतरवले होते. पैकी धड पाहता आलेले दोनशे चार. एकशे तीन सिनेमांत पुढच्या खुर्चीवरच्या माणसाचं डोकं प्रमुख भूमिकेत होतं. साठ-सत्तर भलत्याच भाषेत निघाले. एकात डावं-उजवं उलटं झालं होतं. पण त्या गावचे लोक डावखुरे असतील असं समजून चंपतरावांनी तो दोनदा पाहिला. बाकीचे सवड मिळाल्यावर पाहायचे म्हणून ठेवलेले होते. ते साठवायला त्यांनी अठराशे रुपयांचं एक यंत्र विकत घेतलं होतं. (ते फुकट मिळत नव्हतं. चौकशी केली होती.)

हे सिनेमे ज्या ग्रुपवर यायचे त्याचं नाव 'उचितम सिनेमा'. तेलुगूत उचितम म्हणजे फुकट. मराठीत उचित म्हणजे योग्य. दोन भाषांच्या शिवेवर राहण्याचे तोटे शाळेत आणि तहसिलीत रोज भोगावे लागतात; त्यातला हा एवढा एक फायदा होता आणि चंपतरावांनी तो पुरता वसूल केला होता. या राज्यात बायकांना बस फुकट आहे, त्यालाही तेलुगूत हाच शब्द. त्यामुळे त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई शून्याचं तिकीट घेऊन आदिलाबादच्या बाजारात वांगी-मेथी विकायला जात, तेव्हा त्यांचा प्रवास उचित असे, आणि शेजारी तिकीट काढून बसलेल्या चंपतरावांचा अनुचित.

गावातले निवृत्त शिक्षक सुधाकरराव एकदा दुकानाच्या ओट्यावर म्हणाले होते, "चंपतराव, ही चोरी आहे."

चंपतरावांनी फोन त्यांच्यापुढे धरला. "गुरुजी, सोता वाचा. काय लिवलं?"

"उचितम."

"मंग. अन् नक्कल काढनं गुन्हा असता, तं तहसिलीत नक्कल काऊन भेटते? वरून शिक्का मारून देते."

"तिथं फी घेतात."

"थे त्याइचं चुकते," चंपतराव म्हणाले आणि गुरुजींची साखर मोजू लागले.

सिनेमा शुक्रवारी सकाळी आला. तीन तासांत तो ग्रुपवरही आला. चंपतरावांनी तत्त्वाचा विचार केला. पोरगी आपली, म्हणजे संवाद आपल्या घरचे. आपल्याच घरचा माल आपल्याच घरी आणायला भाडं कशाचं? शिवाय सगळ्या गावाला दाखवायचा, म्हणजे हे समाजकार्य झालं, आणि समाजकार्याला खर्च आला की त्यात गैरव्यवहाराचा संशय येतो. हा संशय मुळातच टाळण्यासाठी त्यांनी सिनेमा उतरवून घेतला.

रविवारी दुपारी पंचायतीच्या हॉलमध्ये शाळेचा प्रोजेक्टर लागला. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना कापसाच्या बोऱ्या बांधल्या. एकशे त्रेचाळीस माणसं जमली. सिनेमा झकास होता. हैदराबादचा सावकार पडद्यावर "काऊन बे, पैशे कवा देतं?" म्हणाला, तेव्हा हॉल हसला आणि कित्येकांनी चंपतरावांकडे पाहिलं. सुधाकरराव तर एका विनोदाला दोनदा हसले, एकदा सर्वांबरोबर आणि एकदा कळल्यावर.

शेवटी नायक-नायिका भेटली, गाणं संपलं, पडदा काळा झाला. चंपतराव उठून सदऱ्याची बटणं लावत पडद्याच्या बाजूला उभे राहिले. नाव त्यांच्या डोक्याशेजारी यावं असा बेत होता.

पडद्यावर पत्त्यांचा जुगार खेळायची जाहिरात आली आणि सिनेमा संपला.

ग्रुप चालवणारी मंडळी काटकसरी होती. सिनेमाचं वजन हलकं व्हावं म्हणून ती शेवटची नावं कापून टाकत. ज्यांनी काम केलं त्यांची नावं पाहायला कोणी येत नाही, असा त्यांचा अनुभव होता, आणि तो मोठा होता.

"नाव कोठी हाय?" जयवंताबाईंनी विचारलं. या चंपतरावांच्या शेजारीण. गावातली कोणतीही शंका प्रथम यांना येते.

"येऊन राह्यलं," चंपतराव म्हणाले.

एकशे त्रेचाळीस माणसांनी ती जाहिरात दोनदा पाहिली.

"चंपतराव," जयवंताबाई मायेने म्हणाल्या, "पोट्टी खरंच सिनेमात हाय, का कोन्या दवाखान्यात लागली? सांगा. आमी काई म्हनत नाई."

शहरात राहणाऱ्या मुलीबद्दल आदिलाबाद जिल्ह्यात एखादी गोष्ट खोटी ठरायला साधारण एक दुपार लागते आणि पुन्हा खरी ठरायला दोन लग्नसराया. चंपतरावांनी हा हिशेब बटणं काढता काढता केला आणि तो एकोणचाळीसच्या पुष्कळ पुढे गेला. त्यांनी सगळ्यांसमोर फोन काढला आणि एकोणचाळीस रुपये भरले. पैसे आल्याचा आवाज त्यांना दुकानात दिवसातून साठदा ऐकू येई. पैसे जाण्याचा आवाज कसा असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. तो होतच नाही. नुसतेच जातात. हे त्यांना जास्त लागलं.

मग गावाने इतिहासात प्रथमच सिनेमाची नुसती शेवटची चार मिनिटं पाहिली. सुधाकरराव हजेरी घ्यावी तशी नावं मोठ्याने वाचत होते. वीजवाले, शिंपी, स्वयंपाकी, दोन सीनमध्ये दिसणाऱ्या कोंबडीची देखभाल करणारा. गावाला आश्चर्य वाटलं. एका सिनेमाला तीनशे बारा माणसं लागतात, आणि तीही जेवणारी. चंपतराव पडद्याशेजारी पुन्हा उभे होते.

"थांबा," मागून रुख्मिणीबाई म्हणाल्या. "गेली."

"कोन गेली?"

"प्रणिता. मांगं घ्या. केसवाल्याच्या खाली, कोंबडीवाल्याच्या वर."

मागे घेतलं. तिथे होतं: मराठी संवाद, के. प्रणिता.

तेलुगू रीतीने नाव लिहिताना घराण्याचं एक अक्षर पुढे लावतात आणि काम भागवतात. कोरड्यांचा 'के' राहिला होता. बाप जागेअभावी रद्द झाला होता. चंपतराव पडद्याशेजारी उभे होते आणि पडद्यावर नव्हते. गावाने टाळ्या वाजवल्या; जयवंताबाईंनी सर्वांत जोरात, कारण त्यांना ते आधीच ठाऊक होतं असं त्यांचं म्हणणं होतं.

टाळ्या थांबल्यावर चंपतरावांच्या डोक्यात दुसरा प्रश्न उभा राहिला. "तुले कसं ठाऊक, कोंबडीवाल्याच्या वर हाय म्हनून?"

"मी शुक्रवारीच पायला ना. पैशे भरून."

"कोठचे पैशे?"

"बसचे. तिकीट लागत नाई तवापासून थे डब्यात टाकून राह्यली मी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं कवा? तुमी बोऱ्या बांधून राह्यले होते."

"अन् ग्रुपवर उचितम असताना पैशे कायले भरले?"

रुख्मिणीबाईंनी पदर सावरला. "बाजारात एक बाई येते. रोज माही मेथी उचलते, वास घेते, 'मस्त हाय' म्हनते अन् ठेवून देते. दोन वरसं झाले, एक जुडी घेतली नाई. फोनवर तुमचा ग्रुप उघडला, तं मले तिचंच तोंड दिसलं."

डिजिटल चोरी का करू नये यावर एवढी सविस्तर कारणमीमांसा गावात त्यापूर्वी झाली नव्हती. सुधाकररावांनी तो क्षण साधून पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडला: 'यापुढे गावात सिनेमा उचित मार्गानेच पाहिला जाईल.' पंचायतीचं दफ्तर तेलुगूत असल्याने सचिवांनी तो तेलुगूत लिहिला आणि शब्द तोच ठेवला. जे मराठीत ऐकत होते त्यांनी नीतीसाठी हात वर केला. जे तेलुगूत वाचत होते त्यांनी दोन्ही हात. पंचायतीच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा एकमेव ठराव आहे.

चंपतराव आता फुकटातलं पाहत नाहीत. कारण विचारलं तर देशाची अर्थव्यवस्था सांगतात. प्रत्यक्षात ते प्रत्येक सिनेमाची नावं शेवटपर्यंत वाचतात आणि ज्या नावात बाप नाही त्याच्या बापाबद्दल हळहळतात. अठराशेचं ते यंत्र तराजूच्या एका बाजूला पासंग म्हणून कामी येतं. (कोणत्या बाजूला, हे गिऱ्हाइकांनी विचारलेलं नाही.)

पंधराव्या दिवशी कंपनीचा आकडा आला. पाच हजार दोनशे अकरा. दुसरा भाग प्रणिताला मिळाला. गावाने दिलेल्या भक्कम पाठिंब्याबद्दल गावाने स्वतःचा सत्कार केला. एकशे त्रेचाळीस जणांना नारळ वाटले. पैसे भरणारे गावातले दोघे, दोघेही एकाच घरचे. उरलेले पाच हजार दोनशे नऊ कोण, ते कळलं नाही. त्यांना नारळ गेला नाही.

नव्या करारात प्रणिताने नाव पूर्ण लिहून घेतलं आहे: प्रणिता रुख्मिणी चंपतराव कोरडे. चंपतरावांनी क्रमाबद्दल फोनवर विचारणा केली.

"पैशे भरल्याच्या क्रमानं घेतलं, बाबा," ती म्हणाली.

आता राहिला तुमचा हिशेब. ही गोष्ट तुम्ही विकत घेतलेल्या पुस्तकात वाचली असेल, किंवा कोणीतरी पानांचे फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवले असतील. दोन्ही मार्ग उचितच आहेत. कोणत्या भाषेत, तेवढं तुमचं तुम्ही ठरवा.