पावणाईचा नवस

सन १९९८, फाल्गुन वद्य षष्ठीला कुंभारकोंडची ग्रामदेवी पावणाई अर्ज घेऊन खर्च-मंजुरीच्या कचेरीत गेली. शिमग्यात तिची पालखी घरोघर फिरतेच. त्या वर्षी एक घर वाढलं.

पालखीचा पुढचा खांदा रखमाजी पाष्टे यांचा. वय अडुसष्ट, शाळा दुसरीपर्यंत. चाळीस वर्षांत त्यांनी देवीचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता, आणि हे ते भेटेल त्याला सांगत.

दारावरच्या शिपायाने वही उघडली. "काम?"

"पोरांचं जेवण," देवी म्हणाली.

"दुसरा मजला. लिफ्टमध्ये पालखी मावत नाही, जिन्याने न्या."

कक्ष अधिकारी वझरकरबाईंनी अर्ज दोनदा वाचला. डोंगरातल्या अंगणवाड्यांची दुपारची खिचडी पावसाळ्याचे तीन महिने बंद होणार होती. नव्या अंदाजपत्रकातून तेवढी ओळ गळली होती.

"गळली नाही, काढली," बाई म्हणाल्या. "पावसात मुलं येत नाहीत."

"बेचाळीस येतात. अंगणवाडी माझ्याच सभामंडपात भरते. मी जाते कुठे? बसून मोजते."

"घरी जेवत असतील."

"लावणी उरकली की आईबापांना काम नसतं. पेज असते, तीही पातळ."

"हजेरीचा दाखला लागेल."

"लिहा. अंगठा देते."

बाईंनी लिहिलं. देवीने कुंकवाचा अंगठा उठवला. तो वाळेपर्यंत बाईंनी दुसरी फाइल उघडली नाही.

"शिफारस वर पाठवते. हमी नाही."

"मग नवस बोलते. ओळ परत आली तर या कचेरीला अनवाणी तीन फेऱ्या घालीन."

रखमाजींच्या खांद्यावरून उपरणं घसरलं. "आई, लोकं तुला नवस बोलतात, नि तू या कागदवालीला? गावात तोंड कुठे दाखवू?"

"ज्याच्या हातात असतं त्याला बोलायचा, रखमा. माझ्या हातात असतं तर तुला दोन जिने चढवले असते?"

रखमाजींनी उपरणं उचलून पुन्हा खांद्यावर टाकलं. वझरकरबाईंनी नवस आवक वहीत नोंदवला आणि क्रमांक दिला.

चैत्रात पत्र आलं. ओळ परत आली होती. अंगणवाडीच्या सेविकेने सभामंडपात ते मोठ्याने वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या थांबेचनात.

"फेऱ्यांचं पुढच्या वर्षी बघू," रखमाजी हळूच म्हणाले.

"तुम्ही सगळे असंच म्हणता, मला माहीत आहे," देवी म्हणाली. "पालखी काढ."

कचेरीसमोर देवी खाली उतरली. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. रखमाजींनी झटकन उपरणं अंथरलं.

"उचल ते."

त्यांनी उचललं. मग स्वतःच्या वहाणा काढल्या आणि रिकाम्या पालखीला खांदा देऊन ते देवीच्या मागोमाग निघाले. शिपाई मोठ्याने फेऱ्या मोजत होता. वझरकरबाई पायरीवर उभ्या होत्या, देव उभा राहतो तशा.

तिसरी फेरी पायरीशी पुरी झाली. नवस फिटला.